कॅमेरा बदलू की स्वतःला? (भिगवणला झालेली फजिती आणि एक प्रश्न)

पानकावळा

मंडळी, गेल्या रविवारी भिगवणला जाऊन आलो. ऑफिसातले आम्ही चौघे. पहाटे साडेतीनला पुणं सोडलं आणि सहाच्या आत कुंभारगावात. उजनीच्या पाण्यावर धुकं, थंडी मरणाची, पण नावाडीकाकांनी रोहित पक्ष्यांचा थवा बरोब्बर दाखवला. मी हरखून दीड तासात ४१२ फोटो काढले.

आमच्या नावेत एक अनोळखी गृहस्थ होते. त्यांच्याकडे ६०० मिमीची पांढरी तोफ, म्हणजे लांबचं जवळ आणणारी लांबलचक लेन्स. उतरल्यावर त्यांनी मागच्या पडद्यावर एक फोटो दाखवला. पक्ष्याच्या डोळ्याचं फिकट पिवळं बुबुळ दिसत होतं हो! मी माझा उघडून बघितला. गुलाबी हलवा पाण्यात सांडल्यासारखे ठिपके. माझ्याकडे निकॉन डी ३१०० आहे, बरोबर आलेली १८-५५ मिमी लेन्स आणि नंतर घेतलेली ५५-२००.

इथवर ठीक होतं. तोफ ती तोफच, असं म्हणून मी मनाची समजूत घातली असती. पण आमच्यातल्या एका सहकारी बाईंनी फोनवर एकच फोटो काढला होता: नावेचं टोक, उभ्या नावाडीकाकांची पाठ, धुकं, आणि फार लांबवर पक्ष्यांची एक बारीक गुलाबी रेघ. सोमवारी ऑफिसच्या ग्रुपवर त्या फोटोवर सगळे तुटून पडले. माझ्या ४१२ पैकी एकालाही कुणी अंगठा दाखवला नाही. खरा अंगठा म्हणतोय.

तर प्रश्न असा. बोनसचे ६० हजार आलेत. बॉडी घेऊ, लेन्स घेऊ, की गप बसू? घरून तिसऱ्या पर्यायाला एकमुखी पाठिंबा आहे.

तिरकीतधा

हा विषय दर सहा महिन्यांनी निघतो आणि दर वेळी दोनशे प्रतिसाद होतात. चहा ठेवून आलो.

माझं मत नेहमीचंच. तवा महाग घेतला म्हणून पोळी फुगत नाही. गप बसा.

आयएसओ_२५६००

तवा, पोळी, पेन, अक्षर. ही वाक्यं ऐकून कान किटले. तिरकीतधा, तुम्ही तबला वाजवता ना? मग पावसाळ्यात पुडी उतरलेल्या तबल्यावर वाजवून दाखवा आणि सांगा लोकांना, हात महत्त्वाचा म्हणून.

जरा हिशेब करू. पानकावळा यांची २०० मिमी लेन्स त्यांच्या लहान सेन्सरवर ३०० मिमीइतका आवाका देते. त्या गृहस्थांची बॉडी फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरची) असेल, तर त्यांच्याकडे सरळ ६०० मिमी. म्हणजे तोच पक्षी फ्रेममध्ये दुप्पट लांब, दुप्पट रुंद, एकूण चौपट जागा व्यापणार. ही चौपट कुठल्या साधनेतून आणायची? पाण्यात उतरून? पक्षी उडून जातील आणि नावाडी तुम्हाला परत नावेत घेणार नाही.

पक्षी, खेळ, वाघ या तीन ठिकाणी आधी लेन्स, मग बाकीचं. ज्याला हे पटत नाही त्याने ताडोबाला १८-५५ घेऊन जावं आणि जिप्सीचे छान फोटो काढून आणावेत.

तिरकीतधा

पुडीचा मुद्दा मान्य. हातोडी घेऊन बसतो.

मोगरा

पानकावळा, एका उडत्या फोटोची आतली माहिती टाका ना. शटर (किती वेळ उघडलं), छिद्र (एफचा आकडा, लहान आकडा म्हणजे मोठं छिद्र), आयएसओ (उजेडाला किती संवेदनशील). त्याशिवाय दोष साहित्याचा की तुमचा हे कसं कळणार? डॉक्टरकडे गेल्यावर आधी ताप मोजतात, औषधाचं मग.

पानकावळा

हे घ्या. १/१६०, एफ ५.६, आयएसओ ४००, लेन्स २०० वर. मोड विचारू नका.

मोगरा

ऑटो. 😄

बघा, हलत्या नावेतून, २०० मिमीवर, उडता पक्षी, आणि १/१६०. तोफ असती तरी फोटो हललेलाच आला असता, फक्त चौपट मोठा हललेला. लेन्स जितकी लांब तितकं हाताचं कापणं जास्त दिसतं. जुना ठोकताळा असा, की २०० मिमीला निदान १/२००, लहान सेन्सरवर १/३००, आणि हे स्थिर वस्तूसाठी. उडत्या पक्ष्याला १/१००० तरी हवा. तुम्ही आयएसओ १६०० केला असतात तर त्याच उजेडात १/६४० मिळाला असता. थोडे रवे (दाणेदारपणा) दिसले असते, पण पंख दिसले असते.

आणखी एक. सूर्य कुठे होता?

पानकावळा

समोर.

(आता मला हा धागा काढल्याचा पश्चात्ताप होतोय.)

मोगरा

नावाडीकाकांना सांगायचं, उजेड पाठीवर घ्या. भिगवणचे नावाडी रोज शंभर कॅमेरेवाले बघतात, त्यांना हे आपल्यापेक्षा चांगलं कळतं. पण ते न विचारता सांगत नाहीत.

सांगलीचा_स्टुडिओवाला

नमस्कार. वीस वर्षं लग्नं करतोय (दुसऱ्यांची). इथे चर्चा 'फोटो सुंदर कशाने येतो' याची चालली आहे. आमच्या धंद्यात प्रश्न वेगळा असतो, म्हणून थोडं लांबण लावतो.

शेवटची मंगलाष्टका संपते, 'सावधान' म्हणतात, अंतरपाट खाली येतो आणि अक्षता पडतात. हा सगळा प्रकार दोन-तीन सेकंदांचा. वधूने वर बघितलं की नाही, हे त्यातल्या अर्ध्या सेकंदात ठरतं. कॅमेऱ्याच्या फोकसला त्याच वेळी काय दिसतं? हवेतले तांदूळ! जुन्या बॉडीचा फोकस बिचारा चेहरा सोडून नाकासमोरून जाणाऱ्या अक्षता पकडायला जायचा. फोटोत एक तांदूळ एकदम सुस्पष्ट, मागे नवरा-नवरी धूसर. असे डझनभर फोटो माझ्या हार्डडिस्कवर आहेत. त्यावर उपाय शिकलो: अंतरपाट असतानाच चेहऱ्याच्या अंतरावर फोकस धरून कुलूप लावायचं आणि बटण सोडायचं नाही. हे झालं कौशल्य. नवीन मिररलेस (आत आरसा नसलेली) बॉडी डोळा ओळखून त्याला चिकटून राहते, तेव्हा आता ही युक्ती दहातून दोनदाच लागते. म्हणजे मी पाच वर्षं घासून जे शिकलो ते आता विकत मिळतं. वाईट वाटतं का? वाटतं थोडं. पण बॉडी मी घेतलीच.

आता दुसरी गोष्ट. काही वर्षांपूर्वी माझ्या कॅमेऱ्याला कार्डाचा एकच कप्पा होता. एका लग्नात सप्तपदी झाली, कन्यादानही झालं, आणि जेवणाच्या पंगतीत कार्ड मेलं. कंपनीचं नाव घेत नाही, कुठल्याही कंपनीचं कार्ड मरू शकतं. डेटा काढून देणाऱ्यांकडे पाठवलं. शेवटच्या चाळीस फोटोंखेरीज काही परत आलं नाही, आणि त्या चाळिसांत जिलबीचे बारा. पूर्ण पैसे परत केले. मुलीच्या वडिलांनी एक शब्द वाकडा काढला नाही, चहा पाजला. तेच जास्त लागलं.

तेव्हापासून दोन कप्प्यांची बॉडी, दोन्ही कार्डांवर एकाच वेळी फोटो, गळ्यात दुसरा कॅमेरा, दोन फ्लॅश. यातल्या एकाही गोष्टीने माझा फोटो पैशाइतकाही जास्त सुंदर झालेला नाही. गिऱ्हाईक मला कलेचे पैसे थोडे देतं, न चुकण्याचे जास्त देतं. तुमचे रोहित पुढच्या रविवारी पुन्हा येतील. माझी सप्तपदी येत नाही.

कट्ट्यावरचे_आजोबा

स्टुडिओवाले, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला.

आमच्याकडे आगफा क्लिक थ्री होता. १२० चा रोल, बारा फोटो. सेटिंग म्हणजे एक ढगाचं चित्र आणि एक सूर्याचं. बारा फोटो दिवाळी ते दिवाळी पुरायचे, त्यामुळे बटण दाबण्याआधी घरात चर्चा व्हायची. 'आत्ता नको, आत्याला येऊ दे.' तरी बारातले चार वाया. एकात माझं बोट आहे, ते बोट मी आजही ओळखतो. तेव्हा कमी फोटो काढले म्हणून आम्ही फार विचारी होतो, असं काही नाही. फक्त चुका महाग होत्या.

होमाई व्यारावाला आठवतात का कुणाला? मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेल्या, देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. दिल्लीत साडी नेसून सायकलवरून हिंडायच्या, सोबत स्पीड ग्राफिक. हा कॅमेरा म्हणजे खोकंच, एका धारकात दोनच फिल्मा. एक काढली की धारक उलटा करा, झाकण सरकवा, पुन्हा तयार व्हा. तोवर नेहरू दुसरीकडे बघू लागायचे. त्यामुळे नेहरू कधी वळतील हे आधी ओळखावं लागे. १९७० च्या सुमारास त्यांनी काम थांबवलं, २०११ मध्ये पद्मविभूषण मिळालं.

पण एक सांगतो, स्पीड ग्राफिक हे त्या काळच्या बातमीदारांचं अव्वल हत्यार होतं. लोक त्यांचं उदाहरण 'साधा कॅमेरा असून' असं देतात, ते चूक आहे. अवजड होता, साधा नव्हता.

आयएसओ_२५६००

आजोबा, शेवटच्या परिच्छेदासाठी साष्टांग दंडवत.

मोगरा

साधाच कॅमेरा हवा असेल तर तोही आहे. १९५३ साली कॅलिफोर्नियात पिट नदीच्या पुलावरून एक ट्रक कठड्याबाहेर लोंबकळला. चालकाला दोराने वर ओढत होते. तिथे अडकलेल्या गाड्यांत व्हर्जिनिया शाऊ नावाची बाई होती, मासेमारीच्या सहलीला निघालेली. तिने कोडॅकच्या ब्राउनी खोक्याने फोटो काढला आणि १९५४ चं पुलित्झर, म्हणजे अमेरिकेतलं पत्रकारितेचं मानाचं बक्षीस, घेतलं. ब्राउनी म्हणजे मुलांना द्यायचा कॅमेरा, १९०० साली निघाला तेव्हा किंमत एक डॉलर होती.

आयएसओ_२५६००

आणि तुमच्याच उदाहरणात कौशल्य कुठे आहे? ती नवशिकी होती. साहित्य शून्य, कौशल्य बेताचं, आणि पुलित्झर! तिसरीच गोष्ट जिंकली: ती तिथे होती.

मोगरा

हं. हे माझ्यावरच उलटलं. विचार करून येते.

बे_एरियातली_भाकरी

इकडे योसेमिटी अभयारण्यात ॲन्सेल ॲडम्स या निसर्गछायाचित्रकाराच्या नावाची गॅलरी आहे, दर वर्षी पाहुण्यांना घेऊन जाते, त्यामुळे हा किस्सा तोंडपाठ आहे. १ नोव्हेंबर १९४१, न्यू मेक्सिकोतलं हर्नांडेझ गाव, संध्याकाळ. गाडीतून जाताना त्याला चंद्र दिसला, खाली दफनभूमीतले पांढरे क्रॉस मावळत्या उन्हात चमकत होते. गाडी थांबवून ८ बाय १० इंचांचा कॅमेरा घाईघाईने उभा केला आणि प्रकाश मोजायचं यंत्र सापडेना! चंद्राची दीप्ती किती, हा आकडा त्याला पाठ होता. त्यावरून मनातल्या मनात हिशेब करून एक फोटो घेतला. दुसऱ्यासाठी धारक उलटवला तोवर क्रॉसवरचं ऊन गेलं.

कौशल्याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही. पण ती फिल्म पाटीएवढी होती म्हणूनच तो पुढे तिच्यातून इतकं काही काढू शकला. आणि त्याने ते काढलंही, कित्येक वर्षं. सुरुवातीच्या प्रिंटांमध्ये आकाशात ढग दिसतात, नंतरच्या प्रिंटांमध्ये आकाश जवळजवळ काळं. निगेटिव्ह तीच. मग ते कौशल्य कॅमेऱ्यामागचं धरायचं की अंधाऱ्या खोलीतलं? माझा नवरा म्हणतो, हे फोटोशॉपच. मी त्याच्याशी त्या विषयावर बोलत नाही.

रत्नांग्री_हापूस

अवांतर होतंय, पण जे काय घ्याल ते पावसाळ्यात बाहेर ठेवू नका. माझ्या लेन्सला आतून बुरशी आली, कोळ्याच्या जाळ्यासारखी. कपाटात, चामड्याच्या पिशवीत, अगदी जपून ठेवली होती, तीच चूक. हवाबंद डबा, सिलिका जेल, आणि महिन्यातून दोनदा उन्हं दाखवा. शेजारच्यांनी तांदळाच्या डब्यात ठेव सांगितलं. ठेवली. लेन्समध्ये पीठ गेलं.

तिरकीतधा

अक्षता लेन्सबाहेर, तांदूळ लेन्सच्या आत. हा धागा धान्याचा झालाय.

फोनवाली_तीच

नमस्कार, नवीन आयडी आहे. ज्यांच्या फोटोवर लोक तुटून पडले ती मीच. (पानकावळा, सोमवारी डबा शेअर करणार नाही.)

खरं सांगू? मला थंडी वाजत होती म्हणून मी नावेत मागे खाली बसले. पक्षी फोनमध्ये येईनातच. एकदा झूम केला, तर रंगाचे ओघळ दिसले. म्हणून नाद सोडला आणि पंधरा-वीस मिनिटं नुसती काकांकडे बघत बसले. ते बांबू रोवायचे, अंगाचा भार टाकायचे आणि मग क्षणभर एकदम ताठ उभे राहायचे. तेवढ्या वेळात नाव आपोआप सरकायची. ते ताठ झाले की काढायचा, एवढंच ठरवलं होतं. माझ्याकडे मोठी लेन्स असती तर मीही पक्ष्यांच्याच मागे लागले असते आणि माझेही ४१२ झाले असते.

आयएसओ_२५६००

फोटो चांगला असणार याबद्दल वाद नाही. पण फोनच्या पडद्यावर सगळंच चांगलं दिसतं. मोठी प्रिंट काढून बघा, मग बोलू.

फोनवाली_तीच

काढली. १२ बाय १८ इंच. काकांना दिली, त्यांनी घरात देवाशेजारी लावली. धुक्यामुळे कुणाला काही कळलं नाही. 😊

मोगरा

विचार करून आले.

डिसेंबर १९८४, भोपाळ. गॅसने गेलेल्या एका अनाम बाळाचं दफन. चेहऱ्यावर माती, वर एक हात. हा फोटो आपल्या सगळ्यांच्या डोक्यात कोरलेला आहे, पण तो एक नाही, दोन आहेत. रघू राय आणि पाब्लो बार्थोलोम्यू हे दोघे छायाचित्रकार तिथे होते. रघू राय यांचा कृष्णधवल, बार्थोलोम्यू यांचा रंगीत. रंगीत फोटोला त्या वर्षीचा वर्ल्ड प्रेस फोटोचा सर्वोच्च सन्मान मिळाला. एकच जागा, एकच बाळ, आणि तरी दोन फोटो वेगळे. रंगीत बघताना मला ती माती ओली वाटते, कृष्णधवल बघताना ते बाळ दगडात कोरल्यासारखं वाटतं. फिल्म कुठली भरायची हा निर्णय साहित्याचा की नजरेचा, मला खरंच ठरवता येत नाही. आयएसओ, 'ती तिथे होती' एवढ्याने भागत नाही असं मात्र वाटतं. इथे दोघेही होते.

आयएसओ_२५६००

याला उत्तर नाही माझ्याकडे. खरंच.

पानकावळांच्या ६० हजारांचं बघू. त्यात ६०० ची तोफ येणार नाही, तिचं चाकही येणार नाही. नवीन बॉडीही नको, ऑटोवरच राहिलात तर ती तुम्हाला हेच फोटो जास्त मेगापिक्सेलमध्ये देईल. ५० मिमी एफ १.८ घ्या, जुनी मिळाली तरी चालेल. तुमची १८-५५ लांब टोकाला एफ ५.६ वर अडते. १.८ म्हणजे तिच्या जवळपास दहापट उजेड. जिथे आयएसओ ६४०० लागायचा तिथे ८०० च्या आत काम होतं. फक्त एक लक्षात ठेवा, डी ३१०० च्या बॉडीत फोकसची मोटर नाही. लेन्सवर एएफ-एस (म्हणजे मोटर लेन्समध्येच) लिहिलेलं बघून घ्या, नाहीतर दुकानदार स्वस्तातली जुनी गळ्यात मारेल आणि हाताने फिरवत बसाल.

उरलेल्या पैशात चार वेळा भिगवण. ऑटो सोडून.

सांगलीचा_स्टुडिओवाला

सहमत. आणि एक जादा कार्ड.

पानकावळा

तीन आठवड्यांनी परत आलो, क्षमस्व. जुनी ५० मिमी साडेसात हजारांना मिळाली, एएफ-एस. बाकीचे पैसे घरच्या गीझरने खाल्ले.

आमचं स्वयंपाकघर लहान, आणि ही लेन्स या बॉडीवर ७५ मिमीसारखी वागते. ओट्यापाशी उभं राहून आईचं नुसतं नाक येत होतं. शेवटी पॅसेजमध्ये, चपलांच्या स्टँडला पाठ लावून बसलो. खिडकीतून साडेआठचं ऊन एका बाजूने येतं. आई विळीवर भाजी चिरत होती. आधी ती सारखी माझ्याकडे बघत होती, 'अरे केस विस्कटलेत' म्हणत होती. दहा मिनिटांनी विसरली. एफ २.८, १/२५०, आयएसओ ४००. एकूण ३१ काढले, हा सव्विसावा. पात्यावर ऊन आहे, आईची नजर पात्यावर आहे, चेहऱ्याची डावी बाजू काळोखात गेली आहे. ती जरा जास्तच गेली का?

[प्रकाशचित्र १]

मोगरा

नाही. तशीच ठेवा. उजळू नका.

कट्ट्यावरचे_आजोबा

बोट कुठे दिसत नाही. प्रगती आहे.

फोनवाली_तीच

सोमवारी डबा शेअर करणार.

आयएसओ_२५६००

फोकस पात्यावर आहे, डोळ्यावर नाही. पण इथे तेच बरोबर आहे. (हे मी लिहिलंय याचा स्क्रीनशॉट काढू नये.)

रत्नांग्री_हापूस

अवांतर: ती भाजी अंबाडी आहे का? एवढी कोवळी पुण्यात कुठे मिळाली?